‘द बॉडी स्नॅचर’ (१९४५): घाबरवतो की झोपवतो? एका संकलकाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९४५ सालचा ‘द बॉडी स्नॅचर’ हा भयपट पाहिला. आधी आणि नंतर इतर प्रेक्षकांची मतंही चाळली. कुणी म्हणतं बोरिस कार्लॉफचं हे सर्वांत चांगलं काम, कुणी म्हणतं अर्ध्यात डोळा लागला, यात हॉरर आहे कुठे? बेला लुगोसीला वाया घालवल्याचा राग काहींना आहे, काहींना शेवट बालिश वाटतो, आणि कुणी इतिहास चुकवलाय म्हणून नाराज आहे. यात खरं कुणाचं मानायचं?

मी चित्रपट संकलनाचं काम करतो, थोडंफार शिकवतोही, आणि वर्गात हा चित्रपट वरचेवर लावतो. त्यामुळे माझं माप कुठे झुकलेलं असणार ते धरूनच पुढे वाचा. शिवाय गोष्ट फोडल्याशिवाय यावर काही बोलता येणार नाही. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून घ्यावा, जेमतेम सव्वा तासाचा आहे.

नाराज मतांतली काही तर चक्क दुसऱ्याच चित्रपटाच्या अपेक्षेतून आलेली असतात. नावात साम्य असलेला, परग्रहावरच्या शेंगांतून माणसांच्या नकला उगवण्याचा चित्रपट १९५६चा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आपल्या चित्रपटाचा निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, स्टुडिओ आरकेओ, आणि मूळ कथा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची, १८८४ची.

गोष्ट एडिंबरामधली, साल १८३१. डॉ. मॅकफार्लेन हा नावाजलेला सर्जन शरीररचनेची शाळा चालवतो. विच्छेदनाला प्रेतं लागतात आणि कायद्याने मिळतात ती पुरत नाहीत. ग्रे (हाच बोरिस कार्लॉफ) नावाचा घोडागाडीवाला रात्री कबरी उकरून ती आणून देतो. फेट्स हा गरीब विद्यार्थी डॉक्टरचा मदतनीस होतो, आणि दाराशी आलेलं प्रेत पैसे मोजून ताब्यात घेणं हे त्याचं काम होऊन बसतं. एक विधवा आपल्या पांगळ्या मुलीला, जॉर्जिनाला, घेऊन येते. ऑपरेशन करायचं तर आधी मणक्याचा अभ्यास हवा, अभ्यासाला प्रेत हवं, आणि कबरस्तानावर तर आता पहारा बसलाय. फेट्स मुलीच्या कळवळ्याने ग्रेकडे जातो आणि गळ घालतो, कसंही करून एक आण. ग्रे आणतो.

‘यात हॉरर कुठे आहे’ या तक्रारीचं उत्तर मला इथेच दिसतं. भूत दिसेल, थडगं फुटेल, किंचाळी येईल म्हणून बसलेल्या माणसाला तासभर काहीच मिळत नाही, हे खरंच आहे. पण या चित्रपटात जे घडतं ते एका चांगल्या मुलाने, चांगल्या कारणासाठी, सभ्य शब्दांत केलेल्या मागणीमुळे घडतं. फेट्सला खून नको होता, त्याला फक्त माल हवा होता. माल कुठून आला हे विचारायची वेळ येते तेव्हा तो टेबलावर पडलेला असतो, आणि फेट्स त्या चेहऱ्याला ओळखतो. ज्याला भीती म्हणजे दचकणं एवढंच वाटतं त्याला ही भीती लागू होत नाही. त्याचं मत चूक म्हणणार नाही, पण त्याने चुकीच्या दुकानात भाव विचारला एवढं नक्की.

आता ज्या दृश्याबद्दल चित्रपट आवडणारे आणि न आवडणारे दोघेही एकमताने बोलतात त्याकडे येतो. रस्त्यावर गाणी म्हणून पैसे मागणारी एक मुलगी आहे. ती आपल्याला आधीपासून गल्लीत दिसते, ऐकू येते. फेट्स ग्रेला भेटून गेल्यानंतर ती पुन्हा दिसते. कॅमेरा गल्लीत एका जागी उभा. ती आपल्याकडे पाठ करून, गात गात, समोरच्या दगडी कमानीखालच्या अंधारात शिरते आणि दिसेनाशी होते. गाणं चालू आहे. मग टापांचा आवाज येतो, ग्रेची घोडागाडी त्याच वाटेने सावकाश जाते आणि त्याच अंधारात शिरते. आता पडद्यावर रिकामी गल्ली, काळी कमान आणि आतून येणारा गाण्याचा आवाज. तो आवाज ओळीच्या मध्येच तुटतो. संपलं. कॅमेरा हललेला नाही, एकही कट नाही.

संकलकाच्या खुर्चीत बसून हे दृश्य पाहा म्हणजे त्यातली हिंमत कळेल. कुठल्याही माणसाला इथे कात्री चालवायचा मोह होईल: मुलीचा चेहरा, ग्रेचा हात, घोड्याचा डोळा, पुन्हा चेहरा. रॉबर्ट वाइज स्वतः मुळात संकलक. ‘सिटिझन केन’ त्याने कापलेला. कट कुठे मारायचा हे ज्याला उत्तम कळत होतं त्या माणसाने इथे कटच मारला नाही. तुकडे केले असते तर आपण बघे झालो असतो. शॉट अखंड ठेवल्याने आपण वाट पाहत बसतो, आणि वाट पाहणारा माणूस मनातल्या मनात पुढचं स्वतःच रचायला लागतो. गाणं तुटतं तेव्हा गळा कुणी आवळला, कसा आवळला, हे सगळं आपणच भरून काढलेलं असतं.

वर्गात मी हे दृश्य आधी आवाज बंद करून दाखवतो. मुलं निवांत पाहतात: एक मुलगी गेली, एक गाडी गेली, रस्ता रिकामा. मग आवाजासकट. दुसऱ्या वेळी गाणं थांबल्यावर वर्गात जे होतं ते पाहण्यासारखं असतं, कारण काय होणार हे आता सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही कुणीतरी ‘अगं आई’ म्हणतंच. म्हणून माझी विनंती, हा चित्रपट मोबाइलच्या स्पीकरवर पाहून मत देऊ नका. हेडफोन लावा, रात्री पाहा.

न दाखवण्यामागे सगळी कलाच होती असं मात्र समजू नका. ल्यूटनचं खातं कमी पैशांत भयपट काढणारं. राक्षसाचा मेकअप, मोठमोठे सेट, यांना पैसा लागतो. अंधार फुकट. त्यात तेव्हाच्या अमेरिकी सेन्सॉर नियमांत विच्छेदन, खून तपशिलात दाखवायला मोकळीक नव्हती. म्हणजे हात दोन्ही बाजूंनी बांधलेले. फरक इतकाच की बाकीच्यांनी त्याच बंधनात पळवाटा शोधल्या आणि ल्यूटनच्या मंडळींनी कान वापरला. ग्रे आणि मॅकफार्लेनची शेवटची झटापट पाहा. बराचसा मार सावल्यांतून येतो आणि मध्येच आपण ग्रेच्या मांजराकडे पाहतो. मांजर टक लावून बघतंय एवढ्यावरून कुणाची सरशी चाललीय याचा अंदाज बांधायचा.

‘नाटकासारखा आहे, नुसते बोलतात’ ही तक्रार येते ती मात्र अर्धी मान्य. पहिल्या भागात दिवाणखान्यातली दृश्यं लांबतात, विधवा आई आणि तिची मुलगी यांच्या वाट्याला गोडगोड संवाद आलेत, आणि फेट्स करणारा रसेल वेड इतका सालस आहे की त्याच्याकडे बघताना आपलं लक्ष मागच्या भिंतीवर जातं. फेट्स हा प्रेक्षकाचा प्रतिनिधी, त्यामुळे तो थोडा कोरा हवा, असं समर्थन मी ऐकलंय. मला पटत नाही. कोरं असणं आणि फिकं असणं यात फरक असतो.

पण बोलण्याचा आक्षेप कार्लॉफ आणि हेन्री डॅनियलच्या दृश्यांना लावला तर मी भांडेन. डॅनियल एरवी दुय्यम खलनायकाच्या कामांत दिसायचा. इथे मॅकफार्लेनच्या रूपाने त्याला भरभक्कम भूमिका मिळाली आणि त्याने सोनं केलं. खानावळीतलं दृश्य घ्या. मॅकफार्लेनने ऑपरेशन केलं, ते त्याच्या मते बिनचूक झालं, आणि तरी मुलगी उभी राहत नाही. तो दारू पीत बसलाय. ग्रे येऊन शेजारी टेकतो. डॉक्टर त्याला मणक्याची जोडणी समजावून सांगायला लागतो, कारण ऐकणारं दुसरं कुणी नाही. ग्रे शांतपणे म्हणतो की ठोकळे रचावेत तसा जीव रचता येत नाही. गाडीवाला सर्जनला शिकवतोय, आणि त्याचंच बरोबर आहे! डॉक्टरच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते रागापेक्षा वाईट आहे, त्याला ते पटलंय.

ग्रे त्याला चारचौघांत ‘टॉडी’ म्हणून हाक मारतो. जुन्या दिवसांतलं टोपणनाव. एवढा मोठा डॉक्टर, गावात मान, आणि एक घोडागाडीवाला सगळ्यांसमोर त्याला अरे-तुरे करतो, आणि डॉक्टर गप्प बसतो. बर्क आणि हेअर या माणसं मारून प्रेतं विकणाऱ्या जोडीपैकी बर्कवरच्या खटल्याच्या वेळी ग्रेने सगळं स्वतःवर घेऊन डॉक्टरचं नाव बाहेर येऊ दिलं नव्हतं, हे पुढे कळतं. बऱ्याच प्रेक्षकांना वाटतं हे साधं ब्लॅकमेल आहे. पण ग्रे पैशासाठी डॉक्टरच्या मागे नाही. तो स्वतःच सांगतो त्याचा मथितार्थ असा: मी गरीब, लहान माणूस, पोटासाठी नको ती कामं केली, पण इतका मोठा डॉक्टर माझ्या शिटीवर नाचतो तोवर मी कुणीतरी आहे, ते गेलं की मी नुसता गाडीवाला आणि कबरी उकरणारा. कार्लॉफ हे सगळं आवाज न चढवता बोलतो. पांगळ्या मुलीला उचलून आपल्या पांढऱ्या घोड्याला हात लावू देणाराही तोच, आणि कबरीवर राखण करणाऱ्या इमानी कुत्र्याला फावड्याने मारणाराही तोच. कुत्र्याच्या प्रसंगावरून चित्रपट बंद केलेली माणसं मला भेटली आहेत. त्यांना दोष देत नाही. (तो कुत्रा पाहून अनेकांना मालकाच्या कबरीपाशी बसून राहिलेला एडिंबराचा प्रसिद्ध कुत्रा ग्रेफ्रायर्स बॉबी आठवतो. तो खरा बॉबी मात्र चित्रपटातल्या काळानंतर पंचवीसेक वर्षांनी आला.)

कार्लॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७चा. त्याचे वडील हिंदुस्थानात इंग्रज सरकारच्या मीठ खात्यात नोकरीला होते. आपल्याकडच्या प्रेक्षकांना हे सांगितलं की नेहमी एक भुवई वर जाते म्हणून सांगून टाकलं. याच सुमारास पाठीच्या दुखण्याने तो इतका बेजार होता की ल्यूटनचाच दुसरा एक चित्रपट त्याच्या शस्त्रक्रियेमुळे मध्येच थांबवावा लागला होता. ‘द बॉडी स्नॅचर’ मधल्या काळात झाला. पुढे एका मुलाखतीत त्याने ल्यूटनमुळे आपण राक्षसांच्या साच्यातून सुटलो असं कृतज्ञतेने सांगितलं.

लुगोसीची तक्रार रास्त आहे. पोस्टरवर नाव ठळक आणि वाट्याला आलेला जोसेफ नावाचा नोकर. कार्लॉफ आणि लुगोसी ही दोन नावं एकत्र आली की तिकिटं खपतात हा हिशेब स्टुडिओचा. दोघे एकत्र दिसले तो हा शेवटचा चित्रपट. पण जोसेफ ग्रेच्या घरी येतो ते एक दृश्य नीट पाहा. त्याला ग्रेचं गुपित कळलंय आणि तोंड बंद ठेवायचे पैसे हवेत. ग्रे त्याला प्रेमाने बसवतो, दारू पाजतो, आपण भागीदारीत धंदा करू म्हणतो, बर्क आणि हेअरवरचं गाणं म्हणून दाखवतो. जोसेफला काही समजत नाही, विचारतो, ते माणसं मारायचे कसे? ग्रे म्हणतो, ये, दाखवतो. आणि दाखवतो. लुगोसीचा चेहरा तेव्हा आजारपणाने ओढलेला होता, त्याचं इंग्रजी अडखळतं होतं. भूमिकेला ते दोन्ही उपयोगी पडलं. वाया घालवलं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग वजा करून चित्रपट आठवून पाहावा.

इतिहासाच्या आक्षेपाकडे जरा सविस्तर वळतो, कारण तिथे गोंधळ बराच आहे. खरे विल्यम बर्क आणि विल्यम हेअर यांनी कबरी उकरल्याच नाहीत. १८२७च्या नोव्हेंबरमध्ये हेअरच्या भाड्याच्या घरात एक म्हातारा नैसर्गिक मरणाने गेला, त्याचं भाडं थकलं होतं. दोघांनी प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्सच्या शाळेला साडेसात पौंडांना विकलं. इतके सोपे पैसे पाहून पुढच्या वर्षभरात त्यांनी सोळा खून केले. दारू पाजायची, नाक-तोंड दाबायचं, अंगावर खूण राहू द्यायची नाही. प्रेत ताजं म्हणून भावही चांगला. शेवटचा खून ३१ ऑक्टोबर १८२८चा. हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी जाहीर फाशी झाली आणि त्याच्याच देहाचं विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहात आहे. नॉक्सवर खटला झाला नाही. लोकांनी त्याचा पुतळा जाळला, पुढे त्याला शहर सोडावं लागलं.

चित्रपटातला ग्रे म्हणजे या दोन धंद्यांची सरमिसळ: आधी उकरणारा, मग मारणारा. इतिहास म्हणून हे सैल आहे, पण त्या काळच्या बाजाराचं गणित त्याने अचूक पकडलंय. ब्रिटनमध्ये १७५२च्या कायद्याने विच्छेदनाला मिळायची ती मुख्यतः फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेतं. वैद्यकीय शाळा वाढल्या, विद्यार्थी वाढले, पुरवठा तेवढाच. मग श्रीमंतांनी कबरीवर लोखंडी पिंजरे बसवले. ग्रेफ्रायर्सच्या कबरस्तानात ते अजून पाहायला मिळतात. गरिबाच्या कबरीवर पिंजरा नव्हता, म्हणून उकरली जायची ती त्याचीच. १८३२मध्ये नवा कायदा आला आणि ज्यांच्यावर कुणी हक्क सांगत नाही अशी प्रेतं शाळांना मिळू लागली. ती यायची मुख्यतः गरिबांच्या आश्रयगृहांतून. चोरी थांबली, पण टेबलावर पडणारा माणूस तोच राहिला. आपल्याकडे १९४९चा मुंबई शरीरशास्त्र कायदा याच बेवारस प्रेतांच्या तरतुदीवर उभा राहिला, देहदानाचं प्रमाण वाढलं ते नंतर. त्यामुळे वैद्यकीय कॉलेजातली मुलं हा चित्रपट पाहतात तेव्हा त्यांचे प्रश्न बाकीच्यांपेक्षा वेगळे असतात. भुताबद्दल कुणी विचारत नाही. विचारतात, मॅकफार्लेनच्या जागी आपण असतो तर पावती मागितली असती का?

आता शेवट, ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतात. मॅकफार्लेनने ग्रेला मारलंय, त्याचं विच्छेदन करून पुरावा संपवलाय, घोडा-गाडी विकून टाकलीय. सुटलो असं त्याला वाटतंय. पण सवय सुटत नाही. गावाकडच्या एका कबरस्तानातून तो फेट्सला घेऊन स्वतःच एका बाईचं प्रेत उकरतो. पाऊस, वादळ, घोडागाडी, दोघांच्या सोबत गुंडाळलेलं प्रेत. गाडी हिंदकळते तसं प्रेत डॉक्टरच्या अंगावर कलंडतं. टापांच्या आणि चाकांच्या तालातून त्याला शब्द ऐकू यायला लागतात: माझ्यापासून तुझी सुटका नाही, टॉडी. तो गाडी थांबवतो, कंदील धरायला लावतो, गुंडाळी बाजूला करतो, आणि आत ग्रे. घोडा उधळतो, फेट्स खाली राहतो, गाडी डॉक्टर आणि प्रेतासह दरीत जाते. फेट्स कंदील घेऊन पोचतो तेव्हा तिथे मेलेली बाईच असते.

‘भूत दाखवून पुन्हा भास होता म्हणणं ही पळवाट’ असं म्हणणाऱ्यांनी स्टीव्हन्सनची मूळ कथा आठवावी. तिथे दोघांनाही ग्रे दिसतो, दोघेही गाडीतून उड्या टाकतात, आणि घोडा ते प्रेत घेऊन एडिंबराच्या दिशेने सुटतो. काहीच उलगडा नाही. निव्वळ अंगावर काटा म्हणाल तर कथेचा शेवट सरस, यात मला शंका नाही. पण चित्रपटाने मधल्या तासाभरात ग्रे आणि मॅकफार्लेन यांना एकमेकांत इतकं गुंतवून ठेवलंय की शेवटी ग्रे फक्त डॉक्टरलाच दिसणं भाग होतं. फेट्सचा आणि ग्रेचा हिशेब वेगळा आहे. आणि कापणीच्या दृष्टीने पाहिलं तर हा शेवट गल्लीतल्या दृश्याच्या बरोबर उलटा: तिथे एकही कट नाही, इथे झपाट्याने कट. तिथे आवाज थांबल्याने भीती, इथे आवाज थांबत नाही म्हणून.

एक गोष्ट मात्र मी कधीच समर्थन करून सांगू शकलेलो नाही. सगळं संपल्यावर पडद्यावर प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावाने एक वाक्य येतं, ज्ञानाच्या वाटा अंधारातून निघून प्रकाशात जातात अशा अर्थाचं. सव्वा तास ज्या प्रश्नाने छळलं त्याच्यावर हे मलम कशाला? मी वर्गात त्याच्या आधीच चित्रपट थांबवतो.

आवडला तर मूळ कथा वाचा, एका बैठकीत होते. पण चित्रपट आधी, कथा नंतर. उलट क्रमाने गेलात तर तुम्हीही शेवटाबद्दल तक्रार करणाऱ्यांत जाल, आणि मग माझ्याकडे तुमच्यासाठी उत्तर नसेल.